मदत हवी आहे: रात्रीच्या सीनमध्ये रक्त काळं दिसतंय

मंडळी, आम्ही पोरं पोरं मिळून व्हॅम्पायरची शॉर्टफिल्म करतोय, रावेरकडच्या केळीच्या बागेत, सगळं रात्रीचं शूट. चांदणं वाटावं म्हणून निळा एलईडी लावतो, पण त्यात तोंडातून गळणारं रक्त काळंकुट्ट दिसतं, गाडीचं ऑइल सांडल्यासारखं. साखरेच्या पाकात खायचा लाल रंग अन् थोडी कोको पावडर असं मिश्रण आहे. कोको काढून पाहिली, रंग वाढवून पाहिला, फरक नाही. पांढरा लाइट मारला की रक्त मस्त लाल दिसतं पण चांदणं गेलं ना भो, बाग लग्नाच्या मांडवासारखी उजळते. पाकामुळे मुंग्याही येतात, ते सोडा, सहन करू.

रक्त तोंडात जातं म्हणून खाण्यायोग्यच पाहिजे, ऑइल पेंट वगैरे सुचवू नका. कॅमेरा साधा डीएसएलआर, लाइट दोनच, जनरेटर छोटा, बजेट म्हणाल तर वडापावपुरतं. एडिटिंगमध्ये निळं करायचं तर फ्री सॉफ्टवेअर चालवणारा एक मित्र आहे, पण त्याचा हात अजून बसलेला नाही.

तर नेमकं विचारायचंय, शूट पांढऱ्या लाइटवर कमी एक्स्पोजरने (म्हणजे कॅमेऱ्यात चित्र मुद्दाम अंधारं ठेवून) करून निळेपणा नंतर आणायचा, की निळा मागून ठेवून फक्त चेहऱ्यावर छोटा पिवळा लाइट द्यायचा? कोणी केलंय का असं?