हत्यार म्हणायचं की अवजार?

सातारा : परवा नळाच्या कामाला माणूस आला. पिशवी धुंडाळून म्हणाला, "काकू, पाईपपाना राहिला बघा. बाकी हत्यारं आणलीत." आमचा आठवीतला लेक खो खो हसला. त्याच्या मते हत्यार म्हणजे तलवार नाहीतर गावठी कट्टा, नळवाल्याकडे असतात ती अवजारं. माझ्या माहेरी, कोरेगावकडे, सुताराची पटाशी-रंधा काय नि न्हाव्याचा वस्तरा काय, सगळी हत्यारंच. 'अवजार' शब्द मी पुस्तकातच वाचला. चुकतंय कोण?

कराड : कुणीच नाही. हत्यारात 'हात' आहे, तो मारायलाही उठतो नि राबायलाही. औजार-अवजार आपल्याकडं अरबी-फारसीतनं आलं आणि सरकारी योजनांनी ते शेतीला चिकटवलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. खंडा म्हणजे तलवार, पण आमच्या घरी पाटावर काय असतं? कोयता, खुरपी, लोखंडी पाने, आणि गेल्या वर्षीपासून भावाचा लॅपटॉप. तरी आई म्हणते, "हत्यारं पुजली का रे?"

मिरज : आमच्या गावात तर हे दोन्ही अर्थ एकाच घराण्यात सापडतील. सतार-तंबोरे करणारे इथले कारागीर मूळचे शिकलगार. शिकल करणं म्हणजे तलवारी-भाल्यांना घासून झिलई आणणं. एकोणिसाव्या शतकात ते काम आटलं आणि हेच हात सतारीच्या भोपळ्याकडं वळले. 2024 साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. जवारी काढताना, म्हणजे तारेचा झंकार जुळवताना, एकदा बघा. तारा टेकतात त्या घोडीवर कानस एकदा हलकी फिरवायची, तार छेडायची, कान द्यायचा, परत कानस. केसभर जास्त घासलं तर आवाज बसतो. कानस हातात, पण खरं हत्यार कान, असं मला वाटतं. (हे शब्दचर्चेत बसत नाही, माहीत आहे.)

पलूस : कोयत्याचं कुणी बोललं नाही? ऊसतोडीत 'एक कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस असला तर अर्धा कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. "टोळीत किती कोयतं?" म्हटलं की माणसं मोजायची, लोखंड नाही. बाईचं नाव कुठंच नसतं, ती कोयत्यात धरलेली. मला हा शब्द ऐकायला कधीच बरा वाटला नाही, पण हंगामात रोज कानावर पडतो.

सातारा : कोयत्याचा हा हिशोब मला नवा. आणखी एक : न्हाव्याच्या पिशवीला धोकटी म्हणत, तशी बाकीच्यांच्या पिशव्यांना नावं होती का?

कराड : गवंड्याची नुसती पिशवीच. त्यातनं ओळंबा, गुण्या, थापी निघायची. धोकटी तेवढी न्हाव्याची. आता तोही बॅग म्हणतो.

पलूस : ताई, शब्द गोळा करताय तर 'शेवटणं' लिहून ठेवा. बोथट खुरपं लोहाराकडं नेऊन, भट्टीत तापवून, ठोकून धार काढून घेणं म्हणजे शेवटणं. नुसतं कानशीनं घासलं तर त्याला आम्ही शेवटणं म्हणत नाही.

सातारा : माझे वडील म्हणायचे, "विळा शेवटून आण." मी इतकी वर्षं समजत होते, विळ्याचा शेवट, म्हणजे टोक, नीट करून आणायचंय.