चेलोवर नाताळची कॅरल्स: नोटेशन कुठून घ्यावं, कुठल्या स्केलमध्ये वाजवावं?

खर्जातला
नमस्कार. मी चेलो शिकतोय. फर्स्ट पोझिशन (तारांवर हाताची पहिली ठरलेली जागा) बऱ्यापैकी हातात बसली आहे, शिफ्ट (हात सरकवून दुसऱ्या जागी नेणं) अजून भरवशाचे नाहीत. वाचता फक्त बेस क्लेफ, म्हणजे खालच्या सुरांचं नोटेशन, येतो. यंदा नाताळच्या प्रार्थनेत बहीण ‘सायलेंट नाइट’ आणि ‘जॉय टू द वर्ल्ड’ गाणार आहे आणि तिला साथ करायची माझी फार इच्छा आहे. शोधलं की व्हायोलिनचं नाहीतर पियानोचं नोटेशन मिळतं. चेलोचं म्हणून जे मिळालं, त्यात ‘सायलेंट नाइट’ सी मेजरमध्ये आहे आणि शेवटाकडे सूर चौथ्या बोटाच्याही वर जातो. नेमका तिथेच हात अडखळतो. ट्रॉम्बोनची पुस्तकं बेस क्लेफमध्ये असतात, ती चालतील का?

चौथी तार
ट्रॉम्बोनचं पुस्तक वाचता येईल, सूरही लिहिल्याप्रमाणेच वाजतील. पण ती पुस्तकं बहुतेक फ्लॅटवाल्या स्केल्समध्ये असतात. ई फ्लॅट मेजरमध्ये चाल वाजवायची तर एक्स्टेन्शन (बोट ताणून नेहमीच्या जागेबाहेर नेणं) आलीच, आणि ओपन, म्हणजे बोट न लावता वाजणाऱ्या, तारांची गुंज मिळत नाही ती वेगळीच. म्हणून मी ती सुचवणार नाही.

माझं ऐकाल तर आधी स्केल ठरवा, कागद नंतर. ‘सायलेंट नाइट’ जी मेजरमध्ये घ्या. सगळी चाल ओपन जीपासून ए तारेवरच्या दुसऱ्या बोटाच्या सीपर्यंत बसते. एकही शिफ्ट नाही, एकही एक्स्टेन्शन नाही. जिथे तुम्ही अडखळता तो सर्वांत वरचा सूर म्हणजे हाच सी.

‘जॉय टू द वर्ल्ड’ डी मेजरमध्ये घ्या. सुरुवातच वरच्या डीपासून खालच्या डीपर्यंतचा अख्खा अवरोह आहे: ए तारेवर चार, तीन, एक, ओपन, मग डी तारेवर पुन्हा चार, तीन, एक, ओपन. बोटांची तीच रचना दोनदा! शिवाय पूर्ण चाल याच एका सप्तकात राहते. शिकणाऱ्याच्या हाताला इतकं सोयीचं दुसरं कॅरल मला माहीत नाही.

ट्रेबल क्लेफमधली (व्हायोलिनच्या नोटेशनमधली) चाल म्युझस्कोअरमध्ये भरा, क्लेफ बदला, एक सप्तक खाली आणा आणि हव्या त्या स्केलमध्ये न्या. सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि दोन्ही चाली जुन्या असल्यामुळे हक्कांची अडचण नाही. कुणी नव्याने केलेली अरेंजमेंट असेल तर मात्र ती विकत घ्यावी. त्यामागे कुणाची तरी मेहनत असते.

बो: ‘सायलेंट नाइट’ ६/८ मध्ये आहे. पहिले तीन सूर एका डाउन बोमध्ये जोडून, चौथा लांब सूर अप बोवर. पहिला डी ओपन असल्याने त्यावर व्हायब्रेटो (बोट हलवून दिलेलं कंपन) देता येत नाही आणि तो जरा कोरडा लागतो. शिफ्ट पक्के झाले की तोच डी जी तारेवर चौथ्या पोझिशनमध्ये पहिल्या बोटाने घ्या. रंगच बदलतो.

खर्जातला
जी मेजरमध्ये वाजवून बघितलं, खरंच हातात बसलं. पण बहिणीला फार खाली जातंय. तिच्या भजनांच्या पुस्तकात ते बी फ्लॅटमध्ये आहे आणि तिला तेच हवंय. आता?

मंद्र
मग चाल तिच्याकडे राहू द्या, तुम्ही बेस घ्या. गायकाचं स्केल मोडून साथ करू नये.

त्या पुस्तकात चार आवाज असतील तर सर्वांत खालची ओळ बेस क्लेफमध्येच असते, चेलोवर आहे तशी वाजवता येते. नसेल तर कोरल पब्लिक डोमेन लायब्ररी या संकेतस्थळावर चार आवाजांची कॅरल्स भरपूर मिळतील. तीन कॉर्डवरही हे गाणं पूर्ण होतं, म्हणून खालचे सूर मुख्यतः तीनच: बी फ्लॅट, एफ आणि ई फ्लॅट. जी तारेवर दुसरं बोट, सी तारेवर चौथं आणि दुसरं. फ्लॅटवालं स्केल असूनही इथे एक्स्टेन्शन लागत नाही.

चौथी तार
मंद्र यांचा सल्ला माझ्यापेक्षा चांगला आहे. त्यात एक भर: पहिलं कडवं बो बाजूला ठेवून पिझिकाटोने वाजवा. २४ डिसेंबर १८१८ ला ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फच्या चर्चमध्ये गीतकार मोर आणि संगीतकार ग्रूबर यांनी हे पहिल्यांदा गायलं तेव्हा साथीला गिटार होती, त्यामुळे तारा छेडून केलेली साथ या गाण्याला शोभते. दुसऱ्या कडव्याला बो घ्या आणि लांब सूर धरा.

कॉन्तिनुओ
थोडं वेगळं, पण पुढच्या वर्षासाठी सांगतो. इटालियन संगीतकार कोरेल्लीचा ओपस ६ या संग्रहातला आठवा कॉन्चेर्तो (सोलो वाद्यं आणि वाद्यवृंद यांची रचना) खास नाताळच्या रात्रीसाठी लिहिलेला आहे. १७१४ मध्ये, त्यांच्या निधनानंतर छापला गेला. त्यात सोलो वाद्यं तीन: दोन व्हायोलिन आणि एक चेलो. शेवटचा भाग, पास्तोराले (मेंढपाळांच्या सुरावटीच्या धर्तीवरचा), संथ आहे. आयएमएसएलपी या नोटेशनच्या संकेतस्थळावर चेलोचा पार्ट वेगळा मिळतो. दोन व्हायोलिनवाले गाठून ठेवा.

खर्जातला
पिझिकाटो आणि मग बो, असं आज दोघांनी करून पाहिलं. तिला श्वास कुठे घ्यायचा ते आता माझ्या बेसवरून कळतं म्हणाली. ‘जॉय टू द वर्ल्ड’ डी मेजरमध्येच ठेवतोय, तिला ते जमतंय. मंद्र, दुसऱ्या कडव्यात एफवरून बी फ्लॅटवर जाताना तार बदलल्याचा आवाज येतो, त्याला काय करावं?

मंद्र
एफ संपण्याआधीच कोपर जी तारेच्या पातळीवर आणून ठेवा आणि बी फ्लॅटचं दुसरं बोट आधीच टेकवून ठेवा. बो उचलू नका.