अर्धवट राहिलेली कस्टम बॉडीची जुनी गाडी घेतोय, रविवारपर्यंत ठरवायचंय, मदत हवी आहे

शाहूपुरीकर (गुरुवार, रात्री ९:४०)
नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितोय. गाडी बघून आलोय, ओपन बॉडी आहे, लाकडी सांगाडा करून वरनं ॲल्युमिनियमचा पत्रा मारलाय, पुढचे दोन्ही मडगार्ड झालेत मागचा एकच झालाय, दरवाजे चारी आहेत पण ड्रायव्हरच्या बाजूचा पुढचा लागत नाही. इंजिन खाली उतरवून ठेवलंय, हातानं फिरतंय. बाकी सामान पोत्यात आणि डब्यांत आहे. ४.५ लाख सांगितलेत, २१ हजार टोकन देऊन बसलोय, उरलेले रविवारी नाही दिले तर पुण्याची पार्टी उभी आहे असं विकणारा म्हणतोय. मला एवढंच विचारायचंय की राहिलेलं बॉडीचं काम कोल्हापुरात कोण करेल आणि साधारण किती लागतील. लहानपणापासनं अशी गाडी दारात असावी ही इच्छा आहे, तेव्हा घेऊ की नको हे विचारत नाहीये.

लेथवाला_उद्यमनगर
कुठली गाडी ते तरी सांग की भावा. कंपनी, साल, पेट्रोल का डिझेल, काहीच लिहिलेलं नाहीस. बॉडी मूळची अशीच होती का कुणी नंतर बांधली? यावरच सगळा खर्च हाय.

शाहूपुरीकर
शेवरोले, १९४७. मूळची सलून, म्हणजे बंद छताची होती, आधीच्या मालकानं वरचा भाग कापून ओपन करायला घेतलेली. बॉडीवाला सांगा ना कुणीतरी.

कागलकर_काका
बॉडीवाला नंतर. आरसी कुणाच्या नावावर आहे? विकणारा आणि आरसीवरचा माणूस एकच आहे का? टीटीओ, म्हणजे मालकी बदलायच्या फॉर्मवर सही कोण करणार? आरसीवर बॉडीच्या रकान्यात काय लिहिलंय, सलून का टूरर (उघडी)? इंधन काय लिहिलंय? चॅसी नंबरची पेन्सिल छाप स्वतः घेतली का, का त्यानं दिलेल्या कागदावर विश्वास ठेवला? एवढ्याची उत्तरं द्या, मग बोलू. मी दोन जुन्या गाड्या ट्रान्सफर करून घेतल्यात, दोन्ही वेळा गाडीपेक्षा कागदानंच जास्त दमवलं.

मिरजेचा_मोटारवाला
काका उगाच घाबरवू नका त्याला. ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ पासून वेगळा नियम आलाय, विंटेज म्हणून नोंद होते, नंबरात VA येतं, नव्या नोंदणीला २० हजार फी आणि १० वर्षांची नोंदणी मिळते. ४७ ची गाडी आहे म्हणजे झालंच की काम. बिनधास्त घे.

कागलकर_काका
अर्धा नियम सांगू नका हो, तो २० हजार भरायला जाईल आणि परत येईल. त्याच नियमात लिहिलंय की गाडी मूळ स्वरूपात पाहिजे, चॅसी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा बदल झालेला चालत नाही. सलूनचं छत कापून लाकडी सांगाड्यावर नवी बॉडी बांधली, यापेक्षा मोठा बदल कुठला? आणि VA मिळालं तरी ती गाडी रोज बाजारात न्यायची नसते, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल एवढ्यापुरतीच रस्त्यावर काढायची. राहिला साध्या नोंदणीचा रस्ता, तर तिथं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, कंपनीच्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल करता येत नाही, सुप्रीम कोर्टानंही जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितलंय. गाडी नवी असताना कोचबिल्डरनं ओपन बॉडी बांधली असेल आणि नोंद पहिल्यापासून तशी असेल तर गोष्ट वेगळी. ही काल-परवा कापलेली आहे.

शाहूपुरीकर
आरसी विकणाऱ्याच्या मामांच्या नावावर आहे, मामा वारलेत. बॉडी सलून लिहिलंय. इंधन पेट्रोल. पण इंजिन आता मॅटाडोरचं डिझेल आहे, मूळचं मामांनीच कधीतरी काढलेलं. हे महत्त्वाचं आहे हे मला माहीत नव्हतं म्हणून लिहिलं नाही. दरवाजा का लागत नाही हे तरी कुणी सांगेल का?

लेथवाला_उद्यमनगर
डिझेल म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला बघ. नीट वाच. १९५४ पर्यंतच्या शेवरोलेत गिअरबॉक्सपासून मागं जाणारा शाफ्ट उघडा नसतो, जाड नळीच्या आत असतो, आणि मागचा एक्सल गाडीला जो पुढं ढकलतो तो सगळा जोर त्या नळीतनंच पुढं येतो. दुसरं इंजिन, दुसरा गिअरबॉक्स बसवायचा म्हटलं की ती नळी कापतात आणि उघडा शाफ्ट लावतात. मग तो जोर कुणी घ्यायचा? मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांनी. ते पाटे त्यासाठी बनवलेलेच नसतात, एक्सल आपल्या जागेवर पिळतो, क्लच सोडला की मागनं धाडकन आवाज येतो. आमच्याकडं अशी एक गाडी आलेली, शाफ्टच्या टोकाचे युनिव्हर्सल जॉइंट तीनदा बदलून झालेले आणि मालकाला वाटायचं जॉइंटच खराब मिळतायत. नळी कापलीय का नाही ते आधी खाली झोपून बघ. मूळचं इंजिन कुठं हाय ते पण विचार. २१६ घन इंचाचं सहा सिलिंडर, त्याच्या कनेक्टिंग रॉडला सुटं बदलता येणारं शेल बेअरिंग नसतं, व्हाइट मेटल (मऊ मिश्रधातू) ओतलेलं असतं, ते काम अवघड असलं तरी होतं. गेलेलं इंजिन मात्र परत आणता येत नाही.

मिरजेचा_मोटारवाला
डिझेलमध्ये वाईट काय? एकेकाळी निम्म्या अमेरिकन गाड्या डिझेल करूनच वाचल्या, नाहीतर भंगारात गेल्या असत्या. पेट्रोल पाजून पाजून माणूस कंगाल झाला असता.

लेथवाला_उद्यमनगर
टॅक्सीला ठीक होतं ते, पोट चालवायचं होतं लोकांना. ह्यो ४.५ लाख हौसेसाठी द्यायलाय.

रंकाळा_सकाळ
पेट्रोलचा विषय निघाला म्हणून सांगतो, आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, जुन्या गाड्यांच्या पंपातला डायफ्रॅम आणि रबरी नळ्या त्यानं फुगतात नाहीतर चिरतात. माझ्या जुन्या फियाटची नळी प्रवासात फुटली, नशीब इंजिन तापलेलं नव्हतं. इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या टाकून घ्या आणि महिनाभर उभी ठेवायची असेल तर टाकी रिकामी करा.

करवीर_दसरा
दसऱ्याला नव्या राजवाड्यातली जुनी मेबॅक गाडी येते ना दसरा चौकात, ती बघायला मी दरवर्षी पोराला खांद्यावर घेऊन जातो. इतकी वर्षं तशीच्या तशी जपलीय. जुनी गाडी म्हणजे ती. छत कापून जुनी दिसणारी गाडी करणं मला तरी पटत नाही, राग मानू नका.

निपाणीची_लेक
दादा, गाडीचं तांत्रिक मला कळत नाही, पण अर्धवट गाडी विकण्याच्या बाजूला मी होते म्हणून लिहिते. आमच्या बाबांनी एक जुनी मॉरिस खोलली होती. ११ वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये होती, दर दिवाळीला म्हणायचे पुढच्या दिवाळीला फिरायला जाऊ. बाबा गेले तेव्हा शेडमध्ये ३२ डबे निघाले, कशावरही चिठ्ठी नाही. कुठला बोल्ट कुठला ते फक्त त्यांनाच माहीत होतं. आम्ही विकताना सगळं सामान आहे असंच सांगितलं, खोटं बोलायचं म्हणून नाही, आम्हाला खरंच तसं वाटत होतं. घेणाऱ्याचा तीन महिन्यांनी फोन आला, पुढच्या काचेची चौकट नाही, दोन बिजागऱ्या नाहीत, डायनामो दुसऱ्याच गाडीचा आहे. त्यांच्या आवाजात जे होतं ते मला अजून आठवतं. तुमचा विकणाराही भाचा आहे, गाडी मामांच्या डोक्यात होती. पैसे द्यायच्या आधी प्रत्येक डबा जमिनीवर ओतून मोजा, फोटो काढा. विशेषतः काचेची चौकट, बिजागऱ्या, कुलपं, कारण कस्टम बॉडीचं हे सामान बाजारात मिळत नाही, सगळं नव्यानं करून घ्यावं लागतं.

लेथवाला_उद्यमनगर
ताईंचं शंभर टक्के खरं. आता दरवाज्याचं. छत हे नुसतं ऊन-पावसासाठी नसतं, गाडीची ताकद असते त्यात. छत कापलं आणि चॅसीला खालनं जादा आडवे-तिरके पट्टे मारले नाहीत की गाडी मधनं बसते. दरवाजाची फट बघ, वर कमी आणि खाली जास्त असेल तर चॅसी झुकलीय, बिजागरी घासून उपयोग नाही. चॅसीच्या चार कोपऱ्यांवरनं ओळंबे सोड, जमिनीवर खुणा कर, कर्ण मोज, दोन्ही सारखे आले पाहिजेत. आणि ॲल्युमिनियमचा पत्रा लोखंडाला थेट टेकतोय तिथं काय घातलंय बघ, मधे रबर नसेल तर कोल्हापूरच्या पावसात दोन वर्षांत तिथं पांढरी भुकटी धरते. लाकडाला सुरी टोचून बघ.

शाहूपुरीकर (शनिवार, रात्री ११:१०)
आज परत जाऊन आलो, बरोबर मिस्त्री नेला होता. नळी कापलेली आहे. कर्णात पाऊण इंचाचा फरक आहे. दरवाजाची फट वर कमीच आहे. लाकूड चांगलं आहे, सागवान आहे, मामांनी ते मन लावून केलंय, जोड बघून मला भरून आलं. डबे ओतले, काचेची चौकट नाही. पण एका बिस्किटाच्या डब्यात नटबोल्टांबरोबर कंपनीच्या नंबरची धातूची पट्टी सापडली, रिव्हेट तोडून काढलेली.

कागलकर_काका
हेच विचारत होतो मी पहिल्यापासून. त्या काळातल्या बऱ्याच अमेरिकन गाड्यांत नंबरची पट्टी बॉडीच्या खांबाला रिव्हेट केलेली असायची. बॉडी कापली की पट्टी सुटते, आणि सुटलेली पट्टी याच गाडीची हे सिद्ध कसं करणार? पट्टीवरचा नंबर आणि आरसीवरचा नंबर अक्षर न् अक्षर जुळतोय का?

शाहूपुरीकर
एक आकडा नीट वाचता येत नाही. पट्टीवर ३ वाटतोय, आरसीवर ८ आहे.

कागलकर_काका
मग उद्या एक रुपयाही देऊ नका. सोमवारी भाच्याला बरोबर घेऊन आरटीओत जा आणि रजिस्टरमधनं आरसी पर्टिक्युलर्स (नोंदींचा उतारा) काढा. मामांच्या वारसांत भाचा एकटाच आहे का, का त्यांना मुलंबाळं आहेत?

शाहूपुरीकर
एक मुलगी आहे म्हणे, बेळगावला दिलेली. तिला गाडी विकतायत हे सांगितलंय का ते मी विचारलं नाही. आत्ता फोन लावतो.