मदत हवी आहे : स्लो कुकरमधला मीटलोफ आणि पावसाळ्यात जाणारी लाईट

सागवे_रत्नागिरी

नमस्कार मंडळी,

रत्नागिरीहून लिहिते आहे. नणंद न्यू जर्सीहून आली तेव्हा तिच्याकडचा जुना स्लो कुकर माझ्यासाठी घेऊन आली. आत चिनी मातीचं जड भांडं, वर काचेचं झाकण, पुढे एकच फिरवायचं बटण : लो, हाय, वॉर्म. भांडं साडेतीन-चार लिटरचं असावं. तिच्याकडे कामाच्या दिवशी यात मीटलोफ करतात. खिमा, दुधात भिजवलेला पाव, कांदा आणि अंडं एकत्र मळून लांबट गोळा करायचा, वर टोमॅटो सॉस आणि ब्राउन शुगरचा लेप द्यायचा, सकाळी लावून जायचं आणि संध्याकाळी त्याचे काप मॅश केलेल्या बटाट्याबरोबर खायचे. तिथे बीफचा करतात, मी मटणाचा करणार.

हा पदार्थ घरात यावा असं मनापासून वाटतंय ते सासूबाईंसाठी. मटण म्हणजे त्यांचा जीव की प्राण, पण आता दात राहिले नाहीत. रविवारी आम्ही वडे-मटण खातो तेव्हा त्या रश्शात वडा बुडवून खातात आणि फोडी हळूच ताटाच्या कडेला सारतात. तक्रार एका शब्दाची नाही. मला ते बघवत नाही. खिमा करून पाहिला, पण सुक्या खिम्याचे कण कवळीखाली जाऊन टोचतात. मऊ, एकसंध आणि चमच्याने तुटेल असं काहीतरी हवं आहे.

अडचण अशी की मी बँकेत आहे. सव्वानऊला निघते, परत यायला साडेसहा होतात. हे जयगडला शिफ्टमध्ये. लेक दहावीला, क्लासहून आठला येते ती भुकेनं कावलेली. म्हणून सकाळी लावून जायची कल्पना फार आवडली. पण मिरग लागला की आमच्या वाडीत लाईटचं काही खरं नसतं. जरा वारा सुटला, फांदी तारेवर टेकली की गेली. कधी दहा मिनिटांत येते, कधी दुपार जाते. सासूबाई घरी असतात, पण जेवून पडतात. आमच्याकडे इन्व्हर्टर नाही.

मध्ये दोन तास लाईट जाऊन परत आली, तर मला संध्याकाळी कळणार कसं? आणि मी आले तेव्हा लोफ गरम असेल, वास चांगला असेल, तर तो सासूबाईंना द्यायला हरकत नाही ना? वय ७८ आहे, म्हणून जास्त काळजी.

शिवाय नणंद म्हणते की तळाशी पाणी सुटतं आणि वरून रंग येत नाही. त्यावरही काही उपाय असेल तर सांगा. जाणकारांची वाट बघते.

---

तारजोडणी

ताई, आधी एक गोष्ट. कुकर अजून लावला नसेल तर लावू नका. उलटा करून खालची पट्टी वाचा आणि व्होल्ट किती लिहिलेत ते इथे सांगा.

---

सागवे_रत्नागिरी

पाहिलं. १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ, २२० वॅट असं आहे. लावलेला नाही, पिनच आपल्या सॉकेटला बसत नाही. बाजारात मिळतो तो पिन बदलायचा अॅडॉप्टर आणणार होते.

---

तारजोडणी

तो नुसता अॅडॉप्टर अजिबात नको. त्याने पिन बदलते, व्होल्टेज बदलत नाही. आपल्याकडे २३० व्होल्ट. व्होल्टेज दुप्पट झालं की तापणाऱ्या तारेतली उष्णता चौपट होते. तुमच्या २२० वॅटच्या कुकरमधून ८०० वॅटच्या आसपास उष्णता निघायला लागेल, कॉइल जळेल, भांडं तडकेल, आगही लागू शकते.

स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या, २३० चं ११० करणारा. कुकर २२० वॅटचा असला तरी ट्रान्सफॉर्मर ५०० वॅटचा घ्या, कारण तो सलग कित्येक तास चालणार आहे. तांब्याच्या वाइंडिंगचा मागा. ओट्यावर उघडा ठेवा, कपाटात किंवा कापडाखाली नको, थोडा तापतोच. ६० आणि ५० हर्ट्झच्या फरकाचं स्वयंपाकाला काही नाही, आत नुसती तापणारी तार आहे.

पुढेमागे इन्व्हर्टर घेतलात तर साइन वेव्हचाच घ्या. स्क्वेअर वेव्हवर ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो आणि जास्त तापतो. १५० एएचच्या चांगल्या बॅटरीवर हा कुकर दोन दिवे-पंख्यासकट तीनेक तास निघेल. बॅटरी जुनी असेल तर तेवढाही भरवसा धरू नका.

---

दापोलीकर_खानसामा

ताई, आखातात केटरिंगच्या किचनमध्ये अर्धं आयुष्य गेलं, आता दापोलीला घरी असतो. लाईटचं उत्तर मी देतो आणि स्पष्टच देतो, कारण खाणारं माणूस ७८ वर्षांचं आहे.

तुम्ही घरी नसताना लाईट गेली आणि किती वेळ गेली ते माहीत नसेल, तर तो लोफ टाकून द्यायचा. गरम असला तरी, वास छान असला तरी.

कारण सांगतो. मटणाच्या तुकड्यावर जंतू बाहेरच्या बाजूला असतात, खिम्यात ते दळताना आतपर्यंत मिसळलेले असतात. ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात ते झपाट्याने वाढतात. स्लो कुकर मुळातच हळू तापतो, त्यामुळे हा पट्टा ओलांडायला त्याला वेळ लागतो. नेमकी त्याच वेळी लाईट गेली तर कोमट खिमा तसाच पडून राहतो. नंतर लाईट येऊन तो शिजला की जंतू मरतात, पण काही जंतूंनी तोवर सोडलेलं विष शिजवून जात नाही. त्याला वास नसतो, चव नसते. तुमचा कुकर बटणाचा आहे, म्हणजे लाईट आली की आपोआप परत सुरू होणार आणि तुम्हाला पत्ता लागणार नाही. डिजिटलवाले बहुतेक बंदच राहतात, ते एका परीने बरं.

मायक्रोवेव्ह असेल तर त्याच्या घड्याळावर लाईट जाऊन आल्याचं कळतं, पण कधी गेली ते त्यावरून धड सांगता येत नाही. त्यावर सासूबाईंचं जेवण ठरवू नका.

घरात कोणी जागं असेल तर प्रश्न सोपा आहे. लाईट गेली की लोफ लगेच काढून गॅसवर शिजवून पुरा करायचा. आधीच पूर्ण शिजला असेल तर झाकण न उघडता दोन तासांपर्यंत चालतो.

आणखी एक. लाईट गेलीच नाही असं धरलं तरी सव्वानऊ ते साडेसहा म्हणजे सव्वानऊ तास झाले. पाऊण किलोच्या लोफला लो वर साडेपाच-सहा तास खूप झाले. पुढे तो कोरडा पडून भुगा होतो, म्हणजे सासूबाईंना परत तेच कण. टायमर लावून दुपारी सुरू करू म्हणाल, तर कच्चा खिमा तोवर आपल्या उकाड्यात बाहेर. तेही नको.

---

केळीच्या_बनात

दापोलीकरांना अनुमोदन. मग असं करा ना, लोफ आदल्या संध्याकाळी करायचा. ऑफिसातून आल्यावर सातला हाय वर लावला की साधारण तीन ते साडेतीन तासांत होतो. तेवढा वेळ तुम्ही जाग्याच असता, लाईट गेली तर हाताशी गॅस आहे. झाला की दोन भाग करून, वाफ गेली की फ्रिजमध्ये. शिजल्यापासून दोन तासांच्या आत आत गेला पाहिजे. दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर गार लोफचे बोटभर जाडीचे काप काढायचे. गार असताना काप सुरेख पडतात, गरम असताना मोडतात.

हेच काप तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी खरपूस करा. नणंदबाई म्हणतात तो रंगाचा प्रश्न तिथेच संपला. लेपही कुकरमध्ये नका लावू, झाकणाचं पाणी ठिबकून तो वाहून जातो. तव्यावरच लावा. ब्राउन शुगरऐवजी आपलं घरचं : तीन चमचे टोमॅटो सॉस, दोन चमचे गूळ, एक चमचा कोकमाचं आगळ. आगळात मीठ असतं, तेव्हा वरून मीठ नको. तव्यावर ओतल्यावर बुडबुडे येऊन कापांना चिकटलं की गॅस बंद. गुळामुळे लगेच करपतं, उभं राहा तिथेच.

सासूबाईंचा काप मात्र तव्यावर टाकू नका, पापुद्रा कडक होतो. कुकरच्या तळाशी जो रस उरतो तो गाळून ठेवा. छोट्या कढईत तो रस आणि काप, वर झाकण, चांगली वाफ येऊन आतपर्यंत कढत होऊ द्या.

---

सागवे_रत्नागिरी

हे फारच पटलं. आदल्या दिवशी करायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मग मळायचं प्रमाण सांगाल का? आणि मटण मऊ व्हावं म्हणून खिम्याला कच्ची पपई लावू का? आमच्या परसात आहे.

---

दापोलीकर_खानसामा

पपई नको. फोडींना अर्धा तास लावतो ते वेगळं. खिम्याला लावून स्लो कुकरमध्ये ठेवलंत तर हळूहळू तापताना पपईचा रस जोरात काम करतो आणि लोफचा लगदा होतो. मऊपणा पावाने आणायचा.

पाऊण किलो खिमा. खांद्याचा घ्या आणि थोडी चरबी राहू द्या, अगदी सुका घेतलात तर लोफ चिवट होतो. खाटकाला आधी हाडं काढायला सांगा आणि मशीनमधून दोनदा काढून घ्या, सुरीने कुटलेला धरून राहत नाही. घरी आणल्यावर ताटात पसरून बोटांनी पूर्ण चाचपा. हाडाची बारीक कपची एखादी असतेच आणि कवळीखाली ती गेली तर फार दुखतं.

बेकरीचे तीन लादीपाव कुस्करून अर्ध्या-पाऊण वाटी दुधात दहा मिनिटं भिजवा आणि हाताने अगदी गुळगुळीत करा, गाठ राहता कामा नये. दुधात फुगलेला पाव मटणातला रस धरून ठेवतो आणि मांसाला आवळू देत नाही. दोन कांदे बारीक चिरून परतून गार करून घाला. कच्चा घातलात तर पाणी सुटतं. एक अंडं, दोन चहाचे चमचे मीठ, आलं-लसूण, मालवणी मसाला तुमच्या अंदाजाने, कोथिंबीर. आधी हे सगळं एकत्र करा आणि खिमा शेवटी घालून जेमतेम मिसळेपर्यंतच हात चालवा. कणकेसारखा मळत बसलात तर रबरासारखा होतो. खिमा फ्रिजमधला गार असावा, पण बर्फाळलेला बिलकुल नको.

गोळ्याची उंची चार बोटांपेक्षा जास्त नको, नाहीतर मध्य कच्चा राहतो.

आणि एक टोचायचा डिजिटल थर्मामीटर घ्या. मटणाच्या लोफच्या मधोमध ७१ अंश आले पाहिजेत, चिकनचा केलात तर ७४. रंगावर जाऊ नका, खिमा आतून तपकिरी दिसतो तेव्हा शिजलेला असतोच असं नाही.

---

केळीच्या_बनात

पाण्यासाठी : भांड्याच्या तळाला बटाट्याच्या जाड चकत्या लावा. त्यावर केळीचं पान आडवं, दोन्ही टोकं बाहेर येतील असं. आधी पान गॅसवर फिरवून घ्या म्हणजे फाटत नाही. पानाला दोन-चार भोकं पाडा, रस खाली जातो आणि लोफ पाण्यात बसत नाही. झाल्यावर खालून उलथनं घालून, टोकं धरून अलगद उचलायचा. आणि झाकणाखाली स्वच्छ सुती पंचा ताणून घाला, वाफेचं पाणी तो पितो. पंच्याची टोकं वर झाकणावर बांधा, गरम अंगाला लागता कामा नयेत.

मध्ये मध्ये झाकण उघडून बघू नका हं. प्रत्येक वेळी वीस-तीस मिनिटं वाढतात.

---

वेंगुर्ल्याची_माय

एक विचारते, राग नको. एवढा ट्रान्सफॉर्मर वगैरे आणण्यापेक्षा मोदकपात्रात का करत नाही? आम्ही चिकन खिम्याचा असाच गोळा केळीच्या पानात बांधून मोदकपात्रात उकडतो, चाळीसेक मिनिटं. म्हाताऱ्या माणसांना छान जातो.

---

सागवे_रत्नागिरी

राग कसला काकू, लाईट गेल्यावर गॅसवर हलवायचा तो कशात, हेच मी विचारणार होते. मोदकपात्र आहे, तेच बाजूला तयार ठेवते. स्लो कुकर मात्र वापरणार, कारण संध्याकाळी लेकीचा अभ्यास घेताना गॅसकडे लक्ष ठेवायला नको. ट्रान्सफॉर्मर सांगून ठेवला आहे.

शेवटचं एक. शिजवून फ्रिजमध्ये ठेवला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी लाईट गेली, तर?

---

दापोलीकर_खानसामा

फ्रिजचं दार उघडलं नाही तर चार तास आतलं गार राहतं. सासूबाईंना तेवढं सांगून ठेवा की लाईट गेली की घड्याळ बघायचं आणि फ्रिज उघडायचा नाही. दूध लागलं तर लाईट असतानाच काढून ठेवा. चार तासांच्या वर गेली तर लोफ टाकायचा. एरवी तीन दिवस चालतो. सगळा एकदम गरम करू नका, लागतील तेवढेच काप काढा.

श्रावण लागायला अजून वेळ आहे, दोन-तीन बुधवार मिळतील तुम्हाला. पहिल्यांदा पाऊण किलोऐवजी अर्ध्या किलोचा करा, अडीच तासांनी थर्मामीटर टोचून बघा आणि किती अंश आले ते इथे लिहा. तुमचा ट्रान्सफॉर्मर १२० ऐवजी ११० देणार, म्हणजे कुकर थोडा मंद चालणार. वेळ त्याप्रमाणे बसवू.