क्लोपिडोग्रेलचा परिणाम तपासायचं सॅम्पल राजापूरहून कोल्हापूरला पाठवता येईल का?

राजापूर_लॅब
स्टेंट (हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी) बसवलेल्या पेशंटला ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या प्लेटलेट चिकटू न देणाऱ्या गोळ्या चालू आहेत. डॉक्टरांनी 'प्लेटलेट फंक्शन' लिहून दिलंय. आमच्याकडे सेल काउंटर आणि पीटी-आयएनआरचं (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघणारं) मशीन आहे. आयएनआर १.० आला, तर घरचे म्हणतात गोळी लागूच पडत नाही. सॅम्पल बर्फाच्या डब्यातून घाटावर पाठवू का?

रक्तपेढी_रत्नागिरी
आयएनआर वॉरफेरिन या रक्त पातळ करणाऱ्या वेगळ्या गोळीसाठी. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल थेट प्लेटलेटवर काम करतात, त्यामुळे पीटी, एपीटीटी या गोठण्याच्या टेस्ट नॉर्मलच येणार. घरच्यांना हे आजच समजावून सांगा, नाहीतर कोणी गोळी बंद करून बसायचं.

आणि बर्फ अजिबात नको! गारठ्याने प्लेटलेट फुगतात, वाटेतच चेतवल्या जातात. सॅम्पल २० ते २५ अंशांत ठेवायचं आणि रक्त काढल्यापासून ४ तासांत टेस्ट संपलेली हवी, नुसती सुरू झालेली नव्हे. पावसाळ्यात घाटात गाडी अडकली की वेळ गेलाच. शिवाय रस्त्याचे हादरे. सॅम्पल नको, पेशंटलाच पाठवा.

ॲग्रिगोमेट्री
सहमत. तिथे रक्त काढताना एवढं बघा: २१ गेजची सुई, पहिले ३-४ मिली दुसऱ्या ट्यूबला, मग निळ्या झाकणाची ३.२ टक्के सायट्रेट ट्यूब खुणेपर्यंत भरायची. प्रमाण ९ ला १. ट्यूब ४-५ वेळा अलगद उलटसुलट करा, झटकू नका. फेस आला तर सॅम्पल गेलं.

आदल्या रात्री तळलेले बांगडे वगैरे नकोत. प्लाझ्मा दुधाळ झाला की त्यातून प्रकाश नीट जात नाही, आणि ही टेस्ट (ॲग्रिगोमेट्री, म्हणजे प्लेटलेट किती चिकटतात ते मोजणं) प्रकाशावरच चालते. प्लेटलेटना चिकटायला लावायला क्लोपिडोग्रेलसाठी एडीपी, ॲस्पिरिनसाठी ॲराकिडोनिक ॲसिड ही रसायनं वापरतात. फॉर्मवर शेवटची गोळी किती वाजता घेतली ते लिहा. ओमेप्राझोल (ॲसिडिटीची गोळी) चालू असेल तर तेही. त्याने क्लोपिडोग्रेलचा जोर कमी होतो.

हृदयरोग_चिपळूण
टेस्ट व्हेरिफायनाऊ या मशीनवर केली तर त्यातला पीआरयू (प्लेटलेट किती चिकटतात त्याचा आकडा) २०८ च्या वर म्हणजे क्लोपिडोग्रेलचा परिणाम कमी. पण आकडा बघून लगेच औषध बदलायचं नसतं. आधी गोळ्यांची पाकिटं मोजा. बऱ्याचदा डोसच चुकलेले असतात. सरसकट प्रत्येक स्टेंटवाल्याला ही टेस्ट लागत नाही, तेव्हा डॉक्टरांना नेमकं काय बघायचंय ते फोन करून विचारा.

राजापूर_लॅब
पेशंटलाच पाठवतो. सकाळी सीबीसीला (रक्तपेशींच्या मोजणीला) काढलेलं जांभळ्या झाकणाचं रक्त सोबत दिलं तर?

ॲग्रिगोमेट्री
या टेस्टला नाही चालणार. त्या ट्यूबमधलं ईडीटीए हे रसायन कॅल्शियम धरून ठेवतं, मग प्लेटलेट एकमेकींना चिकटतच नाहीत. सीबीसीचा रिपोर्ट मात्र द्या. प्लेटलेट काउंट १ लाखाच्या खाली असेल तर ॲग्रिगोमेट्रीचा आलेख भरवशाचा नसतो.