सल्ला हवा आहे: आईच्या पश्चात भावाची राहण्याची सोय (सांगली, महिना १८ हजार)

कृष्णाकाठची
माझा भाऊ ३६ वर्षांचा असून त्याला मध्यम स्वरूपाची बौद्धिक अक्षमता आहे. तो सांगलीत आईजवळ राहतो आणि सकाळी गल्लीतल्या पिठाच्या गिरणीत डबे लावतो. कोणता डबा कोणाचा, हे मालकापेक्षा त्यालाच अधिक ठाऊक असते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले वडील आता हयात नाहीत, आई ७२ वर्षांची आहे आणि मी पुण्यात नोकरी करते. पुढे त्याला निवासी संस्थेत ठेवावे की घरीच काही व्यवस्था लावावी? महिना १८ हजारांपलीकडचा खर्च मला झेपणार नाही.

नेमस्त
माझा आतेभाऊ पुण्याजवळच्या एका निवासी संस्थेत आहे. बाग आहे, व्यायामोपचार आहेत, चोवीस तास परिचारिका आहे. महिना ४५ हजार पडतात, परंतु आम्हाला रात्री शांत झोप लागते. अशा बाबतीत पैशाकडे पाहू नये.

वाळवणकर
झोप तुम्हाला लागते, हे खरे. माझी बहीण अशाच एका संस्थेत ११ महिने होती. भेट महिन्यातून एकदा, तीही कार्यालयातल्या बाकावर. दिवाळीला तिला घरी आणले तेव्हा तिच्या अंगावर दुसऱ्याच कोणाचे कपडे होते, आणि जेवताना ती ताट मांडीवर घेऊन भिंतीकडे तोंड करून बसू लागली होती. ती सवय मोडायला आम्हाला दोन वर्षे लागली.

कायद्याचा कीस
दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ५ प्रमाणे दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे. मात्र तिच्यावर ठरावीक निवासव्यवस्थेची सक्ती होऊ नये आणि तिला घरपोच साहाय्य मिळावे, यासाठी सरकारने केवळ ‘प्रयत्न’ करायचा आहे. हक्क नागरिकाला आणि प्रयत्न सरकारला, अशी ही वाटणी असल्यामुळे संस्था उरतात आणि मदतनीस मिळत नाहीत.

टोरांटोकर
आमच्या कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांताने बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या शेवटच्या तीन मोठ्या सरकारी संस्था २००९ मध्येच बंद केल्या. त्यांपैकी ओरिलियाच्या संस्थेत जे हाल झाले, त्याबद्दल प्रांताच्या प्रमुखांनी २०१३ मध्ये विधिमंडळात माफी मागितली. आपल्याकडे असे कधी होणार? (आमच्या शेजाऱ्यांचा मुलगा सामूहिक घराच्या प्रतीक्षा यादीत नऊ वर्षांपासून आहे, हेही प्रामाणिकपणे नमूद करतो.)

चौघांचे घर
आम्ही चार कुटुंबांनी मिळून ठाण्यात सदनिका घेतली, दोन मदतनीस ठेवले आणि मुले तिथे राहतात. बौद्धिक अक्षमता वगैरे असलेल्यांसाठीच्या केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची ‘घरौंदा’ (आता ‘समर्थ-सह-घरौंदा’) योजना अशाच सामूहिक घरांसाठी आहे, पण आम्ही तिची वाट पाहिली नाही. भावाला ठाण्यात आणा.

कृष्णाकाठची
ठाण्यात सदनिकेचा वाटा घेण्याइतके पैसे माझ्याकडे असते, तर हा धागाच काढला नसता. शिवाय गिरणी सांगलीत आहे.

नेमस्त
गिरणीचे काय घेऊन बसलात? संस्थेतही कागदी पिशव्या करून घेतात.

कोषागारातला निवृत्त
मूळ मुद्दा राहूनच गेला. वडिलांच्या मागे आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळत असणार. उपजीविका करू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला आईच्या पश्चात ते आयुष्यभर मिळू शकते. म्हणून आई हयात असतानाच त्याच्या नावाची नोंद करून घ्या, नंतर फार हेलपाटे पडतात. दुसरे असे की अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर आई आपोआप कायदेशीर पालक राहत नाही. त्यासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली, जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेल्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो. न्यासाच्याच ‘निरामय’ योजनेचा १ लाखापर्यंतचा आरोग्यविमाही काढा, त्याला वयाची अट नाही.

चाकांची खुर्ची
पालकत्व हवेच का, याचा आधी विचार व्हावा. मी स्वतः दिव्यांग आहे आणि माझ्या वतीने बोलणाऱ्यांनी मला पुष्कळ छळले आहे. २०१६ च्या कायद्यातील कलम १४ चे मर्यादित पालकत्व ठरावीक निर्णयापुरते आणि ठरावीक काळापुरतेच असते, आणि त्यात निर्णय दोघांनी मिळून घ्यायचा असतो.

कोषागारातला निवृत्त
कोषागाराच्या खिडकीवर ही तत्त्वे चालत नाहीत.

वाळवणकर
निवृत्तिवेतनाची नोंद आईच्या हयातीतच करा, हे मीही सुचवतो.

कृष्णाकाठची
मागची खोली एका जोडप्याला निम्म्या भाड्याने देण्याचा विचार आहे. ती मिरजेत परिचारिका आहे. बदल्यात दोघांपैकी एकाने रात्री घरी असायचे आणि रात्रीचा स्वयंपाक सामाईक करायचा.

चौघांचे घर
भाडेकरू घर बळकावतील. असे करू नका.

वाळवणकर
हे मलाही पटत नाही. ती दोघे निघून गेली, तर एका रात्रीत काय करणार?

कायद्याचा कीस
ठरलेच असेल तर अनुज्ञप्ती करार (‘लीव्ह अँड लायसन्स’) नोंदणीकृत करा. महाराष्ट्रात ती नोंदणी सक्तीची आहे, आणि पुढे वाद झाल्यास ती तुमच्याच उपयोगी पडेल.

कृष्णाकाठची
सर्वांच्या मताविरुद्ध जाऊन खोली दिली. करार ११ महिन्यांचा, नोंदणीकृत आहे. दुपारसाठी आठ हजारांवर एक मावशी मिळाल्या. उरलेली रक्कम ते जोडपे कधी गेले, तर हाताशी असावी म्हणून बाजूला ठेवते आहे. भावाला विचारले होते; त्याने आधी नव्या बिऱ्हाडाच्या डब्याचा रंग विचारला आणि मग होकार दिला. निवृत्तिवेतनाचे कागद आईच्या एका सहीसाठी अडले आहेत. पालकत्वाचा अर्ज मात्र अजून केलेला नाही.

नेमस्त
आपला निर्णय चुकतो आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. संस्थेचा दूरध्वनी क्रमांक व्यक्तिगत संदेशातून पाठवला आहे.