खोक्याचं सील आधी फोडू नका
ताई, वास्तुशांतीला दिराने दिलेला एअर फ्रायर, घरात ओटीजी (छोटा इलेक्ट्रिक ओव्हन) असताना परत करू की विकू असं विचारलंय ना, तर आधी खोक्याचं सील फोडू नका. ऑनलाइन घेतलेल्या अशा वस्तूंना बऱ्याचदा फक्त रिप्लेसमेंट असते, तीही बिघाड असेल तरच, आणि रिफंड मिळालाच तरी ज्याने पैसे भरले त्याच्याच खात्यात जाणार, म्हणजे दिराला सांगावं लागणार की भाऊजी तुमचं गिफ्ट नको, बघा जमतंय का 😀

त्यापेक्षा "वॉरंटी रजिस्टर करायचीय" म्हणून दिराकडून बिल मागून घ्या. वॉरंटी बिलाच्या तारखेपासून मोजतात, माळ्यावर पडून राहिला तरी संपतच जाते, त्यामुळे विकायचा तर आत्ताच. पहिलं सोसायटीच्या ग्रुपवर टाका, मग ओएलएक्स, तिथे कोथरूडचा माणूस हडपसरला यायला तयार नसतो हा एक ताप, आणि कोणी "मी आर्मीत आहे, क्यूआर पाठवतो, स्कॅन करा" म्हणाला की थेट ब्लॉक, पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करून यूपीआय पिन टाकावा लागत नाही, पिन टाकला की पैसे आपलेच जातात. जुन्या बाजाराच्या वाटेला तर जाऊच नका, तिथे बिल-वॉरंटीला कोण विचारतंय.

घेणाऱ्याला वॅट आधीच सांगा. १५०० वॅटचा असेल तर मिक्सरच्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर चालवू नये, १६ चा पॉइंट लागतो, आणि पेठेतल्या जुन्या बिल्डिंगांमधे ओट्यावर तो नसतोच बऱ्याचदा, मग घरी नेऊन परत आणून देतात.

फ्रायर ठेवून ओटीजी विकायचा विचार मात्र करू नका, फ्रायरच्या छोट्या भांड्यात नानकटाई चार-चार भाजत बसाल.